सापाचे वेगळे वागणे : स्वभाव कोणता, आजार कोणता?



मृगाचा पाऊस पडला की भाताच्या बांधावर, विहिरीच्या कठड्याला, कडब्याच्या गंजीत आणि गोठ्याच्या कोपऱ्यात साप दिसू लागतात. बहुतेक वेळा साप आपल्याला पाहून निघून जातो. पण कधी कधी तो नेहमीसारखा वागत नाही. एकाच जागी निपचित पडून राहतो, डोळे पांढुरके-निळे दिसतात, तोंड वासून बसतो, गिळलेला उंदीर ओकतो किंवा दोन साप एकमेकांत गुंतून उभे राहिलेले दिसतात. असे काही दिसले की "साप आंधळा झाला", "पिसाळला", "डूख धरून बसला" अशी चर्चा सुरू होते आणि शेवटी काठी हातात घेतली जाते.

यातील बरेचसे वागणे हा सापाचा नैसर्गिक स्वभाव असतो. काही वागणे मात्र खरोखर आजाराचे, जखमेचे किंवा विषबाधेचे लक्षण असते. हा फरक कळला नाही तर दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे उंदरांचा बंदोबस्त करणारा निरुपद्रवी साप फुकट मारला जातो. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. "साप आजारी आहे, काही करणार नाही" असे समजून त्याला हात लावला जातो आणि माणूस जिवाला मुकतो. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

१. गार्टर साप आणि आपली नानेटी

सापांच्या आजारांविषयी जी माहिती आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग पाळलेल्या सापांच्या निरीक्षणातून मिळालेला आहे. अमेरिका व कॅनडा या देशांत गार्टर नावाचा लहान, अंगावर लांब पट्टे असलेला साप हौसेने पाळला जातो. तेथील बागा, ओढे व तळ्यांच्या काठी तो सर्रास आढळतो. बेडूक, गांडुळे व मासे हे त्याचे अन्न. तो अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस या गावाजवळ कडक हिवाळ्यात हजारो गार्टर साप जमिनीखालच्या चुनखडीच्या भेगांत एकत्र राहतात आणि वसंत ऋतूत एकदम बाहेर पडतात. ते पाहण्यासाठी तेथे दुरून लोक येतात.

आपल्याकडे गार्टर साप नाही. परंतु त्याचे भाऊबंद आहेत. अंगावर दोन पिवळसर पट्टे असलेली नानेटी आणि विहिरीत, भातखाचरात दिसणारा दिवड, ज्याला काही भागात विरोळा म्हणतात, हे दोन्ही साप गार्टरच्याच उपकुळातील आहेत. ते बिनविषारी असून त्यांचे खाणे व राहणीही बरीचशी गार्टरसारखीच आहे. त्यामुळे गार्टर सापाविषयी जे शिकायला मिळाले, ते आपल्या नानेटी, दिवड व काही अंशी धामणीलाही लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. तिकडे गार्टर पाळतात म्हणून आपण नानेटी बरणीत ठेवावी असा याचा अर्थ नाही. आपल्या देशातील सापांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, घरी ठेवणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. येथे दिलेली माहिती साप पाळण्यासाठी नसून तो ओळखण्यासाठी आहे.

२. सापाचे शरीर कसे चालते?

वागणे समजण्यासाठी शरीराची थोडी माहिती हवी. गाय, म्हैस किंवा कोंबडी आपल्या शरीराचे तापमान आतून कायम ठेवते. साप ते करू शकत नाही. ऊब हवी असेल तर तो उन्हात येतो आणि गारवा हवा असेल तर बिळात जातो. त्याचे चालणे, शिकार करणे, पचन आणि रोगाशी लढणे या सर्व गोष्टी बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतात.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे झाकण असते व ते कातेबरोबर बदलले जाते. बहुतेक सापांचे उजवे फुफ्फुसच काम करते. डावे अगदी लहान असते किंवा नसतेच. आपल्या छातीखाली जो श्वासाचा पडदा असतो तो सापाला नसतो. त्यामुळे फुफ्फुसात साचलेला कफ त्याला खोकून बाहेर टाकता येत नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात. असे तोंड भक्ष्य धरून ठेवण्यासाठी आहे, चोखण्यासाठी नाही. धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

३. वेगळे दिसणारे, पण निरोगी वागणे

अ) डोळे निळसर व अंग निस्तेज : कात टाकण्यापूर्वी जुन्या व नव्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव साचतो. त्यामुळे अंगाचा रंग मळकट होतो आणि डोळे दुधी-निळे दिसतात. या काळात सापाला नीट दिसत नाही. तो खात नाही, आडोशाला राहतो आणि जवळ गेल्यास लवकर चिडतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात व त्यानंतर तो दगडाला किंवा काटकीला तोंड घासून कात टाकतो. हा आंधळेपणा नव्हे.

आ) बरेच दिवस न खाणे : साप रोज खात नाही. मोठा उंदीर गिळल्यावर धामण कित्येक दिवस स्वस्थ राहते. कात टाकण्यापूर्वी, थंडीत आणि पोटात अंडी असताना खाणे कमी होते किंवा बंद पडते.

इ) गिळलेले ओकणे : नुकतेच खाल्लेला साप जड असतो. त्याला कोणी हुसकावले तर पळता यावे म्हणून तो भक्ष्य बाहेर टाकतो. खाल्ल्यानंतर अचानक गारठा पडला तरीही पचन थांबते आणि पोटातील अन्न कुजण्यापूर्वी ते बाहेर टाकले जाते.

ई) थंडीत बांधावर निपचित पडणे : पौष-माघातील सकाळी बांधावर लांबट पसरलेला साप ऊन घेत असतो. अंग तापले की तो आपोआप निघून जातो.

उ) मान फुगवणे व घाण वास : दिवड घाबरला की मान चपटी करतो, त्यामुळे तो नाग आहे असे वाटते. नानेटी अंग फुगवते तेव्हा खवल्यांमधील निळसर किंवा तांबूस रंग दिसू लागतो. धामण मान फुगवून घुरघुरते. दिवडाला धरल्यास तो कडकडून चावतो आणि शेपटीजवळून दुर्गंधी द्रव सोडतो. गार्टर सापाचीही हीच सवय आहे. हा रोग नसून बचाव आहे.

ऊ) दोन साप गुंतून उभे राहणे : याला लोक नाग व धामणीचे मीलन समजतात, त्यांच्यावर वस्त्र टाकतात. प्रत्यक्षात धामण ही नागाची मादी नव्हे. ती स्वतंत्र जात असून तिच्यात नर व मादी दोन्ही असतात. विणीच्या हंगामात दोन नर धामणी एकमेकांना जमिनीवर दाबण्यासाठी अशी झुंज घेतात. त्यात कोणी कोणाला चावून मारत नाही. थोड्या वेळाने हरलेला नर निघून जातो. अशा वेळी लांबूनच पाहावे.

ए) जांभई देणे : भक्ष्य गिळताना जबडा खूप ताणला जातो. तो पूर्ववत बसवण्यासाठी साप एक-दोनदा मोठे तोंड उघडतो. त्यात काळजीचे काही नाही.

४. आजाराची खरी चिन्हे

अ) श्वासाचा आजार : साप वारंवार तोंड उघडून श्वास घेतो, डोके वर धरून ठेवतो, श्वासाबरोबर घरघर ऐकू येते, तोंडात किंवा नाकपुडीजवळ बुडबुडे दिसतात. हे फुफ्फुसाच्या संसर्गाचे लक्षण आहे. सतत ओल्या, गार जागेत कोंडून ठेवलेल्या सापात हा आजार अधिक दिसतो. वर सांगितल्याप्रमाणे कफ बाहेर टाकता येत नसल्याने तो जिवावर बेततो.

आ) तोंड सडणे : हिरड्या लाल होऊन सुजतात, दह्याच्या गोळीसारखा पू साचतो, तोंड नीट मिटत नाही. तोंडाला जखम झाल्यावर जंतूंचा शिरकाव होऊन हा रोग जडतो. नागपंचमीच्या सुमारास दात उपटलेले व तोंड शिवलेले जे नाग फिरवले जात, त्यांचे पुढे हेच होत असे. त्यांना उपाशी व तहानलेले ठेवल्यामुळे ते समोर आलेले दूध पीत. दूध हे सापाचे अन्न नाही. ते पचत नाही आणि जबरदस्तीने पाजल्यास फुफ्फुसातही जाते. असा नाग फार दिवस जगत नाही. भाविकांनी हे लक्षात घ्यावे.

इ) कात तुकड्या-तुकड्यांनी निघणे : निरोगी सापाची कात तोंडापासून शेपटीपर्यंत, उलट्या केलेल्या मोज्यासारखी एकसंध निघते आणि तीत डोळ्यांची झाकणेही दिसतात. बांधावर कात सापडली तर ती अवश्य पाहावी. अंगावर जुन्या कातडीचे तुकडे राहिलेले असतील तर हवेतील कोरडेपणा, जखम, अंगावरील कीड किंवा अशक्तपणा यांपैकी काहीतरी कारण असते.

ई) बाह्य परोपजीवी : रक्त शोषणारे बारीक काळे माइट खवल्यांच्या कडेला व डोळ्याभोवती बसतात. पाळलेला गार्टर साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहू लागला की तेथील जाणकार आधी माइट शोधतात. आपल्याकडील धामणीच्या अंगावर गोचीड दिसते. एखाद-दुसऱ्या गोचिडाने मोठा साप मरत नाही. संख्या वाढली तर मात्र तो खंगतो.

उ) अंगावर गाठी : खाल्ल्यानंतर पोटाच्या मध्यभागी आलेला फुगवटा काही दिवसांत जिरतो. अंडी असलेली मादी शरीराच्या मागच्या भागात सारखी फुगलेली दिसते. याउलट एका बाजूला आलेली व न जिरणारी गाठ ही पू, अर्बुद किंवा कृमींची असू शकते. बेडूक खाणाऱ्या सापांच्या कातडीखाली फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी आढळतात.

ऊ) त्वचेवर फोड व खपल्या : उत्तर अमेरिकेतील जंगली सापांमध्ये गेल्या काही दशकांत एक बुरशीजन्य त्वचारोग आढळला आहे. त्यात तोंड सुजते व खवल्यांवर जाड खपल्या धरतात.

ए) तोल जाणे व मान मागे टाकणे : साप आकाशाकडे पाहत राहतो, अंगाला झटके येतात, उलटा पडला तर सुलटा होता येत नाही. हे मेंदू व मज्जातंतूंच्या बिघाडाचे चिन्ह आहे. त्यामागे विषबाधा, डोक्याला मार, अति उष्णता, संसर्ग किंवा जीवनसत्त्वाची उणीव असते.

या शेवटच्या कारणाची माहिती गार्टर सापामुळे चांगली झाली. पाळलेल्या गार्टरला केवळ गोल्डफिशसारखे काही विशिष्ट मासे दीर्घकाळ खायला दिले, तर त्या माशांतील एक विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. साप पोटभर खात असूनही त्याला झटके येऊ लागतात. मासे गोठवून ठेवल्याने हे विकर जात नाही. उष्णतेने ते नष्ट होते. पशुपालकांना हा प्रकार नवा वाटू नये. शेळ्या-मेंढ्यांनी अचानक जास्त धान्य खाल्ले की त्यांच्यातही ब-१ ची कमतरता निर्माण होते. जनावर मान मागे टाकते, दिसेनासे होऊन गोल फिरते. प्राणी वेगळे असले तरी कारण एकच आहे. नैसर्गिक स्थितीत दिवड वेगवेगळे मासे व बेडूक खातो, त्यामुळे त्याला अशी उणीव सहसा होत नाही.

५. शेतातील आपली कारणे

जंगली सापात वरील लक्षणे दिसली तर अनेकदा त्याचे मूळ आपल्याच कामात असते. पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• कीटकनाशके : फवारणीचे औषध अंगावर पडलेला किंवा विषबाधित बेडूक खाल्लेला साप थरथरतो, तोल जाऊन पडतो. औषधांचे डबे ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नयेत.

• उंदरांसाठी विषारी आमिष : विष खाऊन मेलेले उंदीर तसेच पडू दिल्यास ते घुबड, मांजर व साप यांच्या पोटात जाऊ शकतात. मेलेले उंदीर दररोज गोळा करून खोल पुरावेत. ज्या बिळात धामणीचा वावर आहे तेथे आमिष टाकू नये. धामण बिळात शिरून उंदरांच्या पिल्लांसह खाते. हे काम कोणतेही आमिष तिच्याइतके नेमके करत नाही.

• नायलॉनची जाळी : फळबागेला, परसबागेला व शेततळ्याला लावलेल्या जाळीत साप अडकतो. पुढे जाता येते, पण खवल्यांमुळे मागे येता येत नाही आणि दोरा कातडीत रुततो. जाळी जमिनीवर सैल पसरलेली ठेवू नये व दररोज पाहणी करावी.

• विहीर व शेततळे : प्लॅस्टिकच्या गुळगुळीत अस्तरावरून पडलेला साप वर चढू शकत नाही. दिवड पोहण्यात पटाईत असला तरी तोही अखेर थकतो. काठावरून पाण्यापर्यंत एक जाड दोर किंवा जुनी गोणपाटाची पट्टी सोडून ठेवावी. साप, मुंगूस व पडलेले माणूस या सर्वांना तिचा उपयोग होतो.

• आग व यंत्रे : उसाचे पाचट जाळताना आणि यंत्राने कापणी करताना साप भाजतात, कापले जातात. पाचट न जाळता कुजवल्यास जमीन सुधारते व हे प्राणीही वाचतात.

६. आजारी किंवा जखमी साप दिसल्यास

प्रथम लांब उभे राहावे. निदान दोन-तीन मीटर अंतर असावे. मुले, कुत्रे व जनावरे दूर न्यावीत. साप ऊन घेत असेल किंवा कात टाकण्याच्या बेतात असेल तर त्याला तसेच राहू द्यावे; तो आपण होऊन जाईल. जाळीत अडकलेला, भाजलेला, झटके येत असलेला साप दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा गावातील वन कर्मचाऱ्यास निरोप द्यावा. मदत येईपर्यंत उन्हात पडलेल्या सापावर दुरून काठीने गोणपाट सरकवून सावली करावी. त्याला दूध, हळद किंवा जनावरांचे कोणतेही औषध देऊ नये. जाळी स्वतः कापू नये. अशा सापांवर उपचाराची सोय पुण्यातील कात्रज येथील प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी आहे. तेथे पोचवण्याचे काम वन विभागाकडे सोपवावे.

साप हलत नाही म्हणजे मेला असे समजू नये. काही साप मेल्याचे सोंग घेतात. धडावेगळे झालेले डोकेही काही काळ चावू शकते. सरपटणाऱ्या निरोगी प्राण्यांच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जंतू असतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५ साली लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. म्हणून सापाची कात किंवा मेलेला साप हाताळावा लागल्यास हात साबणाने धुवावेत.

७. ओळखीत चूक नको

वरील सर्व माहितीपेक्षा ही बाब महत्त्वाची आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप आपल्या शेतात आहेत आणि त्यांना बिनविषारी समजण्याची चूक वारंवार होते.

मण्यार व कवड्या : मण्यार चकचकीत काळी असून तिच्यावरील पातळ पांढरे पट्टे मानेपासून काही अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्या तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. दिवसा मण्यार सुस्त, आजारी वाटते. रात्री मात्र ती अत्यंत चपळ असते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते.

घोणस व अजगर : साखळीसारखे ठिपके असलेली जाडजूड घोणस अजगराचे पिल्लू समजून उचलली जाते. ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार काढते. अंग गोळा करून पडलेली घोणस आळशी दिसते. पण तिचा झडप घालण्याचा वेग डोळ्याला दिसत नाही.

कात टाकताना रंग व पट्टे पुसट होतात, तेव्हा जाणकारही फसू शकतो. म्हणून "हा बिनविषारीच आहे" या भरवशावर कोणताही साप हातात घेऊ नये.

८. दंश झाल्यास

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सरासरी ५८ हजार माणसे दरवर्षी दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात शेतकरी व शेतमजूर कुटुंबे सर्वाधिक होती. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र शासनाने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. आराखडा आपल्या घरापर्यंत पोचतो तो आपण रुग्णालयात वेळेवर पोचलो तरच.

• रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा.
• अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत.
• करकचून दोरी बांधू नये, जखम कापू नये, रक्त चोखू नये.
• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.
• साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ दवडू नये.
• मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणे असा त्रास सुरू झाला तर दंशाची खूण नसली तरी त्वरित रुग्णालय गाठावे.

थोडक्यात, डोळे निळे झालेला, ऊन घेणारा, झुंजणारा किंवा जेवून पडलेला साप आजारी नसतो. त्याला वाट द्यावी. तोंड उघडून घरघरणारा, झटके येणारा किंवा जाळीत अडकलेला साप आजारी असतो; त्याला जाणकाराची मदत द्यावी. दोन्ही वेळी आपला हात मात्र दूर ठेवावा. रात्री बाहेर पडताना विजेरी, गवत कापताना पायात बूट आणि झोपताना खाट व मच्छरदाणी एवढी काळजी घेतली, तर शेताची राखण करणारी धामण आणि आपले कुटुंब ही दोन्ही सुरक्षित राहतील.